अ‍ॅग्रिकोला, चोडणचा मामा आणि खाजनाचा बांध

पावसाळी

इथे कोणी अ‍ॅग्रिकोला हा शेतीचा पटावरचा खेळ खेळतं का? खेळत असाल तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, पण आधी काय झालं ते सांगते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

चवथीला आजोळी, गोव्यात चोडण बेटावर होते. दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला, पाहुणे पांगले, आणि पाऊस असा लागला की धक्क्यावर जाऊन रायबंदरची फेरी पकडायची कोणालाच इच्छा राहिली नाही. खेळाचा डबा माझ्या पिशवीत होताच. पुण्यात नोकरीला असताना घेतलेला, २०१६ ची सुधारित आवृत्ती, चौघांपर्यंत खेळता येतो. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी अजून उतरवली नव्हती. तिच्याखालीच चटई घातली आणि बसलो: मी, माझा भाऊ, मामी आणि मामा.

मामाने जन्मभर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, भात पिकवलंय. खेळ शेतीचा आहे म्हटल्यावर त्याने चष्मा पुसून घेतला आणि मांडी ठोकून बसला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उवे रोझनबर्ग या जर्मन रचनाकाराने केलेला, २००७ साली आलेला खेळ. काळ १६७० च्या आसपासचा, जागा मध्य युरोप. प्लेगमधून वाचलेली कुटुंबं पुन्हा शेतं उभी करताहेत. प्रत्येकाला पंधरा चौकोनांची जमीन, त्यातल्या दोन चौकोनांवर लाकडी घराच्या दोन खोल्या, आणि घरात नवरा-बायको. खेळ चौदा फेऱ्यांचा. दर फेरीत प्रत्येक माणसाला एक काम. कोणी नांगरतो, कोणी लाकूड आणतो, कोणी माती, कोणी मासे. एका कामावर एकच माणूस. तुम्हाला हवं ते काम दुसऱ्याने धरलं की त्या फेरीपुरतं ते गेलं. चौथ्या, सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या फेरीनंतर सुगी येते, आणि सुगीला माणशी दोन अन्न लागतं. कमी पडलं तर प्रत्येक अन्नामागे भिकेची एक चकती, आणि शेवटी दर चकतीचे तीन गुण वजा.

सुग्या कशा जवळ जवळ येत जातात बघा. पहिल्या सुगीला चार फेऱ्या हाताशी असतात, मग तीन, मग दोन-दोन, आणि शेवटी एकच. घरात माणसं वाढलेली असतात तेव्हाच श्वास घ्यायला वेळ उरत नाही.

मामा कसा खेळला ते सांगते. पहिल्या चार फेऱ्यांत त्याने तीन शेतं नांगरली. दोन वेळा धान्य घेतलं, एकदा लाकूड, आणि दोन व्यवसायांची पानं खाली ठेवली. पहिलं फुकट, दुसऱ्याला एक अन्न मोजावं लागतं. त्याला सुरुवातीला तीन अन्न मिळालेलं, त्यातलं दोन उरलं. पेरणीचं पान आमच्या डावात चौथ्या फेरीला उघडलं, आणि माझ्या भावाने ते आधी धरलं. झाली सुगी. दोन माणसांना चार अन्न हवं, मामाकडे दोन. बाकी दोन पिवळ्या धान्याच्या सोंगट्या. कच्च्या धान्याचं एकाला एक अन्न होतं, म्हणून मी सहज म्हटलं, मामा, हे दोन देऊन टाक, भागेल तुझं.

त्याने एक सोंगटी उचलली, मध्यापर्यंत नेली, आणि परत आपल्या शेतावर ठेवली. "अगे, हें बियाणें!"

आम्ही गप्प झालो. मामीने खाली मान घातली. मग तिनेच हलक्या आवाजात सांगितलं, द्या, पोरं उपाशी ठेवणार का. त्याने दोन्ही दाणे दिले. समोर तीन शेतं नांगरून तयार आणि घरात पेरायला एक दाणा नाही. तो डाव त्याला सावरलाच नाही. पण उठला नाही, शेवटपर्यंत खेळला.

संपल्यावर त्याने जमिनीचा पट्टा हातात घेऊन खालून-वरून पाहिला आणि विचारलं, "ह्या शेताला बांध कुठे आहे?"

तर माझे प्रश्न. एक: नवीन माणसाला पहिल्या दोन सुग्या कशा पार पाडायच्या हे कसं समजावून सांगता? दोन: कोणी या खेळाला खाजनाची जोड देऊन पाहिली आहे का? मामाचा प्रश्न डोक्यातून जात नाही.


चिखलकालो

वा, माशेलहून हात वर! आमचा चौघांचा कंपू दर रविवारी खेळतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमच्या मामांनी जे केलं ते नव्वद टक्के नवे खेळाडू करतात. शेतीचा खेळ म्हटला की हात आधी नांगराकडे जातो. पण पहिली सुगी शेतातून काढायची नसतेच. ती काढायची मजुरीतून आणि नदीतून. रोजंदारीच्या जागेवर माणूस पाठवला की दोन अन्न रोख. मासेमारीच्या जागेवर दर फेरीला एक अन्न साचत जातं. तीन फेऱ्या कोणी हात लावला नाही तर तिथे तीन पडलेले असतात. चार अन्नाची गरज, दोन-तीन घरचं. एक फेरा मजुरीला, पहिली सुगी पार.

दुसरी सुगी मात्र चुलीशिवाय जड जाते. दोन मातीची चूल लवकर घ्या. मेंढ्या बाजारात साचल्या की उचला. चुलीवर एका मेंढीचं दोन अन्न होतं, आणि ते कधीही करता येतं, सुगीची वाट बघावी लागत नाही. तीन मेंढ्या एकदम मिळाल्या तर सहा अन्न झालं.

पेरणी करायची, पण ती चौथ्या सुगीसाठी. एक दाणा पेरला की पुरवठ्यातून आणखी दोन येतात, शेतावर तीन उभे राहतात, आणि दर सुगीला एकच हातात पडतो. म्हणजे आज पेरलेलं तीन सुग्या पुरतं. हे गणित एकदा डोळ्यासमोर आलं की माणूस नांगराची घाई करत नाही.


वैलाची चूल

दोन्ही हात जोडून एक विनंती. खेळ शिकवताना इंग्रजी नावं वापरू नका हो. माझ्या सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत, आणि आता माझ्यापेक्षा चांगल्या खेळतात, ते केवळ मी सगळ्या पत्त्यांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या म्हणून.

फायरप्लेसला आम्ही साधी चूल म्हणतो आणि कुकिंग हर्थला वैलाची चूल. सासूबाईंना एका क्षणात कळलं की दुसरी महाग का आणि तिच्यावर जास्त अन्न का शिजतं. रानडुकराचं साध्या चुलीवर दोन, वैलाच्या चुलीवर तीन. भाजीचंही तसंच. मातीच्या भट्टीला पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी. एक दाणा भाजला की पाच अन्न! त्या म्हणाल्या, पोदेर एवढे उंडे कसे काढतो ते आज समजलं. घराच्या छपरासाठी जे बोरू लागतात त्यांना आम्ही चुडतां म्हणतो, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. बोरूनं शाकारलेलं घर त्यांनी कधी पाहिलेलं नाही, चुडतांनी शाकारलेल्या घरात त्या वाढल्या.

मामांना परत बसवताना हे करून बघा. आणि बियाण्याचं वाचून माझे डोळे भरले. माझे आजोबा बियाण्याची मुडी वेगळ्या खोलीत टांगून ठेवायचे. पंगत बसली तरी तिला हात लागत नसे.


एकटाजीव

रात्रपाळीनंतर मी हा एकट्याने खेळतो. एकट्याच्या डावात सुगीला माणशी तीन अन्न लागतं, दोन नाही, आणि सुरुवातीला हातात काहीच नसतं. नवीन माणसाने चुकूनही यातून सुरुवात करू नये.


आकडेमोड

धागा आवडला. पण दुसऱ्या प्रश्नावर मी विरोधात बोलणार आहे, राग मानू नका.

हा खेळ फार बारकाईने तोललेला आहे. २००८ साली जर्मनीतल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाच्या पुरस्कारात याला गुंतागुंतीच्या खेळाचा म्हणून खास पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही. मोकळ्या राहिलेल्या प्रत्येक चौकोनाचा एक गुण वजा. एखादं जनावर नाही, एक वजा. धान्य नाही, एक वजा. भाजी नाही, एक वजा. घरातल्या प्रत्येक माणसाचे तीन गुण. हे सगळं एकमेकांना धरून आहे. माणूस वाढवायचा तर खोली हवी, खोलीला पाच लाकूड आणि दोन बोरू, तेच लाकूड कुंपणालाही हवं, आणि माणूस वाढला की पुढच्या सुगीपासून दोन अन्न जास्त. यात तुम्ही मध्येच बांध घातलात आणि त्यासाठी माती मागितलीत, तर मातीच्या चुली आणि मातीच्या खोल्या सगळ्यांच्याच मागे पडतील. पहिल्या दोन सुग्यांत लोक आणखी उपाशी राहतील. मामांना जो त्रास झाला तो वाढेल.

आधी मूळ खेळ दहा डाव खेळा, मग हात घाला.


कुळागर

आकडेमोड यांच्याशी अर्धा सहमत. पण मला दुसरंच सांगायचं आहे.

आमचं सावईवेऱ्याला कुळागर आहे. सुपारी, मिरी, जायफळ, केळी. हा खेळ मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा आठव्या-नवव्या फेरीला रानडुकराचं पान उघडलं आणि समोरच्याने आनंदाने ती डुकरं कुंपणात घातली. मी बघतच राहिलो. आम्ही रात्र रात्र जागतो ती ह्याच प्राण्यासाठी. एका रात्रीत सुरणाचे वाफे उलथून जातात. खेळात मात्र दोन डुकरं कुंपणात असली की सुगीला तिसरं पिल्लू येतं आणि गुण मिळतात!

म्हणून पावसाळी, तुमच्या मामांचा प्रश्न मला शंभर टक्के पटला. खेळात दुष्काळ नाही, पूर नाही, पिकात घुसणारं डुक्कर नाही. शत्रू एकच, वेळ. आमच्याकडे शेतकऱ्याला पहिला धोका बाहेरून येतो, पाण्यातून किंवा रानातून. करून बघा बांध.


फेरीबोट

खाजनावर थोडं लिहू का? माझं बालपण दिवाडीला गेलं.

मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांमध्ये समुद्राचं पाणी भरतीबरोबर खूप आतपर्यंत चढतं. खाडीकाठची सखल जमीन बांध घालून त्या पाण्यापासून अडवलेली, तेच खाजन. शेत भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतं. बांध फुटला तर खारं पाणी शेतात उभं राहतं आणि पीक जातं. नुसतं त्या वर्षाचं पीक नाही, जमिनीत मीठ बसतं. ते धुवायला चांगले पावसाळे लागतात.

बांधात ठरावीक जागी मानस असते. लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरचं पाणीच झडप दाबून बंद करतं, सुकती लागली की आतलं पाणी तिला उघडून बाहेर पडतं. माणसाला उठून जावं लागत नाही, दार पाण्याच्या वजनानेच उघडतं-मिटतं. मानशीच्या आतल्या अंगाला पोय, म्हणजे पाण्याचा डोह असतो, त्यात मासे आणि सुंगटां, म्हणजे कोळंबी. पावसाच्या सुरुवातीच्या सरींनी मातीतलं मीठ धुतलं जातं, मग कोरगूट किंवा आसगो यांसारखं खारं सोसणारं भात. एकच पीक, सरदीचं, म्हणजे पावसाळी. जुने गोवें इथल्या कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' हे वाण दिले आहेत.

आता महत्त्वाचं. बांध एकट्याचा नसतो. माझ्या शेताला लागून बांध नसला तरी तो फुटला तर माझंही शेत जातं. पूर्वी हे सगळं गांवकरी बघायची, म्हणजे कोमुनिदाद, गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था. मानशीच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव व्हायचा, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. जो राबला त्याला जमीन मिळाली, हे न्यायाचंच झालं, आमचंही घर त्यावर उभं राहिलं. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. कुठे त्यांनी ती चांगली पेलली, कुठे माणसं नोकरीला गेली, शेतं पडीक राहिली, आणि बांधाकडे कोणी पाहिलं नाही. एका ठिकाणी भगदाड पडलं की सगळ्यांच्या जमिनीत खारफुटी उगवते.

अ‍ॅग्रिकोलात प्रत्येकजण आपापल्या पट्ट्यावर आपापलं कुंपण घालतो. दुसऱ्याचं शेत बुडालं तर आपलं काही बिघडत नाही. खाजन घालायचं तर तुम्हाला नुसती माती नाही, हे नातं आत आणावं लागेल.


पावसाळी

फेरीबोट, तुमचा प्रतिसाद मी मामाला फोनवर वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, पावणीचं लिहिलंय ते बरोबर, विसरू नको.

मामाच्या शेताचं मी वर लिहिलं नव्हतं, आता लिहिते. त्याचं खाजन काही वर्षं पडीक आहे. वरच्या अंगाला बांध फुटला, तिथली शेतं आधीच कोणी करत नव्हतं, आणि दुरुस्तीला माणसं जमली नाहीत. आता तिथे भरतीला गुडघाभर पाणी असतं. माझ्या भावाने ते शेत हिरवं असं पाहिलेलंच नाही.

आकडेमोड, तुमचा मुद्दा मान्य, म्हणून मातीची मागणी कमी ठेवली आहे. भावाने आणि मी मिळून हा कच्चा आराखडा केला:

जमिनीच्या पट्ट्यावरचे उजव्या कडेचे तीन चौकोन म्हणजे खाजन. उजवीकडे नदी. घर डावीकडे असतं, त्यामुळे आड येत नाही. खाजनात फक्त धान्य पेरायचं, भाजी नाही. गाळाची जमीन म्हणून एका दाण्याला तीनऐवजी चार उभे राहतात. मधोमध बांधाचा एक पुठ्ठा. आपल्या पाळीला कोणीही त्यावर माती ठेवू शकतो, त्यासाठी माणूस खर्च होत नाही. प्रत्येक सुगीला बांधावर चार माती हवी, सुगी झाली की ती वापरली गेली. कमी पडली तर बांध फुटला: सगळ्यांच्या खाजनातलं धान्य गेलं, आणि पुढची एक सुगी बांध शाबूत राहीपर्यंत तिथे पेरणी नाही.

शनिवारी खेळून बघतो.


चिखलकालो

चौघांच्या डावात मातीच्या दोन जागा असतात. एकीवर दर फेरीला एक, दुसरीवर दोन. पहिल्या सुगीपर्यंत बारा माती टेबलावर येते. त्यातली चार बांधाला गेली तरी चुली होतील. पण पुढे खोल्या मातीच्या करायला घेतल्या की टंचाई होणार. खोलीमागे एक माती, वर एक बोरू. कळवा काय झालं ते.


पावसाळी

झालं काय ते सांगते. बांध दुसऱ्याच सुगीला फुटला.

पहिल्या सुगीला मी दोन, मामाने दोन माती ठेवली. भावाने एकही नाही, मामीनेही नाही. दुसऱ्या वेळी मामाने परत दोन ठेवली. मी एकच, कारण मला चूल घ्यायची होती. भाऊ म्हणाला, माझ्या खाजनात अजून काहीच नाही, मी का ठेवू. तीन झाली, चौथी आली नाही. मामाचे दोन शेतांतले मिळून आठ दाणे आणि माझे चार एका फटक्यात परत डब्यात. नियम आम्हीच लिहिलेला, पण ते दाणे उचलताना बरं वाटलं नाही.

मामा म्हणाला, हे असंच होतं. अगदी असंच. मग त्याने सांगितलं की पूर्वी बांधाला भोक पडल्याचं कळलं की रात्री-अपरात्री हाका जायच्या. शेत कोणाचं ते न विचारता माणसं फावडी, चिखल, पेंढा घेऊन धावायची. पहिल्या तासात बुजवलं तर बुजतं, एक भरती आत गेली की भगदाड पाच पट होतं.


आकडेमोड

मी विरोध केला होता, पण हे वाचून खेळाडू म्हणून माझं कुतूहल जागं झालं. तुमच्या नियमातली त्रुटी उघड आहे: बांधावर माती ठेवणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि न ठेवणाऱ्याचंही शेत वाचतं. असा नियम खेळात टिकत नाही.

फेरीबोट यांनी उत्तर आधीच दिलं आहे. पावणी. मानशीवर दर फेरीला एक अन्न साचू द्या. प्रत्येक टप्प्याच्या, म्हणजे एका सुगीपासून पुढच्या सुगीपर्यंतच्या फेऱ्यांच्या, सुरुवातीला मानशीचा लिलाव करा आणि बोली मातीत लावा. जिंकणाऱ्याची माती सरळ बांधावर जाते, आणि त्या टप्प्यातले मासे त्याचे. म्हणजे पावणी घेणारा स्वतःच्या पोटासाठी बोली लावतो आणि बांध सगळ्यांचा होतो. तूट राहिली तर ती इतरांनी भरायची.

टप्पे सहा आहेत, सुग्याही सहा. एका टप्प्याला एक पावणी, बरोबर बसतं. शेवटच्या एका फेरीच्या टप्प्यात मासे एकच साचेल, तिथे बोली लागणार नाही. तिथे काय होतं ते मला बघायचं आहे.


कुळागर

+१. आणि डुक्कर?


पावसाळी

कुळागर, डुकराचा नियम तुम्ही लिहा, मी खेळून बघते.


पावसाळी

दोन डाव झाले, पावणीसकट. सविस्तर लिहिते.

पावणीने खेळच बदलला. पहिल्या टप्प्याची बोली मामीने तीन मातीला घेतली, आम्हाला वाटलं महाग पडली. पण चार फेऱ्यांचे चार मासे म्हणजे तिची अख्खी पहिली सुगी. तिने तोवर नांगराला हात लावला नाही, लाकूड आणि बोरू गोळा केले आणि सगळ्यांच्या आधी तिसरी खोली बांधली. चिखलकालो, तुमचा पहिला धडा तिने न वाचताच गिरवला! बांधाला एक माती कमी होती, ती मामाने ठेवली.

आता मामाही बदललाय. नांगर एकदाच, मग चूल, मग मेंढ्या. पेरणी खाजनात केली, दोन शेतं, आणि सुगीला बियाण्यातला एक दाणा तो दर वेळी पट्ट्याबाहेर, आपल्या चष्म्याच्या घरावर ठेवतो. तो दाणा खायचा नाही हे त्याने स्वतःपुरतं ठरवलंय, आम्ही काही बोललो नाही. भावाने मधल्या फेऱ्यांत कुंभारकाम घेतलं. त्यात शेवटी तीन माती शिल्लक असली तर एक गुण जास्त मिळतो.

आणि आकडेमोड यांनी ज्याची वाट बघायला सांगितली होती ती चौदावी फेरी. मानशीवर मासा एकच, बोली कोणीच लावली नाही. बांधाला चार माती हवी. मामाकडे दोन होती, ती त्याने पहिल्याच पाळीला ठेवली. माझ्याकडे एक होती, ठेवली. मामीकडे शून्य, तिने सगळी दगडाच्या घराआधी मातीच्या घरात घातली होती. राहिला भाऊ. त्याच्याकडे बरोबर तीन माती, कुंभारकामाच्या एका गुणापुरती. त्याच्या खाजनात त्या वेळी एक दाणासुद्धा उभा नव्हता. बांध फुटला तर त्याचं काही जाणार नव्हतं, मामाचे दोन दाणे जाणार होते.

मामा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. आपली उरलेली माणसं कामावर लावत होता.

भावाने आपल्या शेवटच्या पाळीला माणूस रोजंदारीवर ठेवला, आणि मग एक माती उचलून पुठ्ठ्यावर सरकवली. डाव मामीने जिंकला, भाऊ दुसरा. मधलं अंतर एका गुणाचं नव्हतं, चारांचं होतं, म्हणजे त्या मातीने निकाल बदलला नाही. पण ती ठेवताना त्याने मोजलेलं नव्हतं, हे मी शेजारी बसून पाहिलं.

मामाने मोजणीच्या वेळी आपले दोन दाणे धान्याच्या रांगेत लावले. चष्म्याच्या घरावरचा तिसरा मात्र त्याने मोजायला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकतीच्या वेळी तो भावाला बांधावर घेऊन गेला. मी मागून गेले. चिखलातून खारफुटीची मुळं वर आलेली, मानशीची एक झडप कुजून लटकतेय, पाणी दोन्ही बाजूंनी सारखंच येतंय-जातंय. मामा काठीने दाखवत होता, इथून इथपर्यंत चिरे होते, इथे चिखल आणि पेंढ्याचा थर. भावाने विचारलं, हे बुजवायला किती माणसं लागतील. मामा म्हणाला, वरच्या अंगाची सगळी घरं आली तर एका उन्हाळ्यात होईल. मग दोघांनी बसून त्या घरांची नावं काढली. चौदा झाली. त्यातली पाच गोव्याबाहेर आहेत.


फेरीबोट

चौदापैकी नऊ गोव्यातच आहेत, हे थोडं नाही. दिवाडीला आमच्या अंगाचा एक बांध यापेक्षा कमी घरांनी उभा केलेला मी पाहिलाय. आधी कुळांच्या संघटनेची बैठक बोलवायला सांगा, कागदावर नावं असली की कृषी खात्याकडे अर्ज करताना सोपं पडतं. दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर बघायला मीही येईन. व्यक्तिगत निरोप करते.


वैलाची चूल

पावसाळी, बांधाच्या पुठ्ठ्याची मापं द्याल का? सासूबाईंनी सकाळपासून तीनदा विचारलं.


पावसाळी

वीत बाय चार बोटं. मिठाईच्या खोक्याचं झाकण कापलंय. मधोमध मानशीसाठी दोन बोटांची खाच ठेवा, मासे तिथे साचवायचे. मामाने खाचेला आगपेटीच्या काड्यांची झडप लावून दिली आहे. ती आतूनच उघडते.